आत्याची मेडल्स, गड्डा आणि सोलापूरचे चार दिवस

पहिला दिवस, ११ जानेवारी

वंदे भारतची तिकिटं मिळत होती, तरी मी मुद्दाम हुतात्मा एक्सप्रेसची काढली. बारा जानेवारीच्या आदल्या संध्याकाळी सोलापूरला जायचं तर हुतात्मानेच जावं असं मनापासून वाटलं. दौंड मागे गेल्यावर लेकीने विचारलं गाडीचं नाव असं का, मग तिला सांगितलं की १९३० साली इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला होता आणि त्यानंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या जेलात फाशी दिली. ती आठवीत आहे, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे ही गाडी त्यांना रोज पुण्याहून घरी नेते." मला पुढे कुर्डुवाडीपर्यंत काही बोलताच आलं नाही.

आता जायचं कारण सांगते. माझी आत्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये होती, लेफ्टनंट कर्नल म्हणून रिटायर झाली आणि जुळे सोलापुरात एकटी राहते, वय ७६. शहरातल्या आणि तालुक्यातल्या माजी सैनिकांनी मिळून एक संचलन ठरवलं होतं, त्यात तिचा सत्कार. खरा वेटरन्स डे १४ जानेवारीला, कारण १९५३ साली त्या तारखेला जनरल करिअप्पा निवृत्त झाले. पण सोलापुरात चौदाला गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, अक्षता असतात, त्या दिवशी शहरात सायकल घालायला जागा मिळत नाही, तर संचलन कुठून काढणार. म्हणून बारा तारीख, सकाळी, चार पुतळ्यापाशी, म्हणजे याच चौघांच्या पुतळ्यांपाशी, शेवट.

रात्री पोचलो तर आत्या जागीच होती. डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरून त्यावर मेडल्स मांडलेली, शेजारी ब्रासोचा डबा आणि जुन्या बनियनचा तुकडा. ऑपरेशन विजयचं, हाय अल्टिट्यूडचं, सैन्य सेवा, स्वातंत्र्याच्या पन्नास वर्षांचं, अशी एका पट्टीवर. एकाची रिबीन कडेने उसवली होती ती मी सुईदोऱ्याने घातली, हात थरथरत होता माझा, तिचा नाही.

मग एक अडचण लक्षात आली जी मला आयुष्यात कधी सुचली नसती. स्वतः मिळवलेली मेडल्स डाव्या छातीवर लावायची असतात, घरातल्या दुसऱ्याची असतील तर उजवीकडे. आणि साडीचा पदर पण डाव्याच खांद्यावर येतो. म्हणजे मेडल लावलं की पदराखाली गेलं. आत्याला इरकलच नेसायची होती, आजीची, लाल काठाची. पदराच्या बारीक निऱ्या करून पिनअप करून बघितलं, तरी पट्टी अर्धी झाकली जायची. मी म्हटलं उजवीकडे लाव ना, कोणाला काय कळतंय. तेव्हा ती माझ्याकडे अशी बघितली की बस. "उजवीकडे लावली तर लोकांना वाटेल नवऱ्याची आहेत," म्हणाली. शेवटी तिचा जुना निळा ब्लेझर काढला, डांबरगोळ्यांचा वास घालवायला बाल्कनीत टांगला आणि ठरलं की इरकलीवर ब्लेझर, ब्लेझरवर मेडल्स.

दुसरा दिवस, १२ जानेवारी

सात वाजता डफरीन चौकात. सोलापूरच्या जानेवारीतली सकाळ, गारवा छान, पण उन्हाला आत्तापासूनच धार. बार्शी, मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट, सगळीकडून माणसं आलेली, दोन-अडीचशे तरी असतील, कोणी जीपने कोणी एसटीने. डोक्यावर आपापल्या रेजिमेंटच्या बेरे टोप्या, काहींच्या घट्ट झालेल्या, अंगात पांढरे शर्ट. एका कोपऱ्यातून "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" आलं की समजायचं मराठा लाईट इन्फंट्री, दुसरीकडून "बोलो हिंदुस्तान की जय" आलं की महार रेजिमेंट. साठी-सत्तरीची माणसं, पण आवाज ऐकून अंगावर काटा येत होता.

आणि इथे ती गोष्ट झाली. यादी घेऊन फिरणारा एक तरुण पोरगा आला, वागायला अगदी अदबशीर, आत्याला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "आज्जी, या की ओ, वीरपत्नींच्या खुर्च्या तिकडं हायत, सावलीत." यादीत तिचं नाव होतं पण पुढे नुसतं श्रीमती. रँक नाही. त्याचा एकट्याचा दोष म्हणवत नाही, माजी सैनिक म्हटलं की आपल्या सगळ्यांच्याच डोळ्यासमोर मिशावाला पुरुष येतो आणि मेडल लावलेली बाई दिसली की ती कोणाची तरी विधवा असणार असंच आपण धरतो. मलाच राग आला, मी बोलायला पुढे झाले तर आत्याने माझा दंड धरला आणि त्या पोराला म्हणाली, "बाळा, त्या खुर्च्यांचा मान मोठा आहे, पण तो माझा नाही. पेन आहे का तुझ्याकडं? श्रीमती खोड. लेफ्टनंट कर्नल लिही."

पोराला पुढचं काही सुचेना. शेजारी एक रिटायर सुभेदार मेजर उभे होते, आम्ही त्यांना ओळखतही नव्हतो, त्यांनी मागेपुढे न बघता टाचा जुळवल्या, "जय हिंद मॅडम" म्हणाले आणि पोराला सांगितलं, "मॅडम पयल्या जीपमध्ये. आपल्या समद्यांत सीनियर हायत त्या." मिलिटरीतल्या नर्सेस कमिशन्ड ऑफिसर असतात, लेफ्टनंटपासून मेजर जनरलपर्यंत, हे तिथे उभ्या असलेल्या किती जणांना माहीत होतं कोण जाणे, त्या सुभेदार मेजरांना माहीत होतं. आत्या जीपकडे गेली पण एकटी बसली नाही. सावलीतल्या खुर्च्यांवरून दोन वयस्कर वीरमातांना हाताला धरून आणलं आणि मग तिघी बसल्या.

संचलन निघालं. पुढे शाळेचं बँड, त्याच्यामागे हलगीवाले, मग जीप, मग हे सगळे तीन-तीनच्या रांगेत, मधे एनसीसीची पोरं आणि एका नर्सिंग कॉलेजच्या पंचवीसेक मुली. रस्त्याच्या कडेला बायका उभ्या, मराठी, कानडी, तेलुगू तिन्ही भाषा एकाच वेळी कानावर, एका पद्मशाली आजींनी जीपवर झेंडूची फुलं टाकली आणि आत्याशी तेलुगूत काहीतरी बोलल्या, आत्याने तेलुगूतच उत्तर दिलं. मला माहीतच नव्हतं तिला येतं म्हणून. नंतर म्हणाली, वॉर्डात चार शब्द प्रत्येक भाषेतले यावेच लागतात, दुखतंय का, पाणी हवंय का, घरी कोण आहे, घाबरू नको.

मधे एका चौकात जीप थांबली तेव्हा त्या नर्सिंगच्या मुली भोवती गोळा झाल्या. एकीने विचारलं, मॅडम विमानात पेशंट नेताना वेगळं काय असतं. मागे बँड आणि हलगी दोन्ही जोरात, कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येईना. आत्याने त्या मुलीला सांगितलं, स्टेथो आहे ना गळ्यात, लाव मैत्रिणीला, हार्ट साऊंड ऐकू येतात का सांग. तिने लावला, डोळे मिटले, मान हलवली, नाही म्हणाली. "हे तर काहीच नाही," आत्या ओरडून म्हणाली, "एएन-३२ विमानात याच्यापेक्षा जास्त आवाज. तिथं स्टेथो खिशातच. मग हे." आणि तिने त्या मुलीच्या मनगटावर तीन बोटं ठेवली. बोटांच्या टोकांनी नाही, पेरांच्या मऊ भागाने, अंगठा वर न लावता. दुसऱ्या हाताने तिचं नख दाबून सोडलं, पांढरं झालेलं नख परत गुलाबी कधी होतंय ते बघितलं. नाडी हाताने, श्वास छातीवर तळहात ठेवून, ऑक्सिजन कमी पडतोय का ते ओठ आणि नखं बघून. ती मुलगी इतकी स्तब्ध उभी होती, की मनगट सोडल्यावर पण हात तसाच धरून राहिली.

पाच-सात मिनिटंच जीप थांबली असेल पण तेवढ्यात तिने त्या मुलींना काय काय सांगितलं, मी मागे उभी राहून ऐकत होते. वर गेलं की हवा फुगते. केबिनचं प्रेशर आठ हजार फुटांच्या हिशोबाचं धरलं तर शरीरात अडकलेली हवा एक तृतीयांशाने वाढते, म्हणून छातीत हवा झालेला पेशंट नळी घातल्याशिवाय चढवायचा नाही. श्वासनळीतल्या ट्यूबचा फुगा हवेने न भरता सलाईनने भरायचा, नाहीतर तो वर गेल्यावर फुगून नळी आतून दाबतो. प्लास्टर घातलं असेल तर उडायच्या आधी उभं कापून ठेवायचं, पाय सुजला तर जागा पाहिजे. काचेच्या बाटल्यांचं सलाईन होतं तेव्हा तर बाटलीतली हवा फुगून ड्रिप आपोआप जोरात पळायची, सारखं लक्ष. एएन-३२ मध्ये स्ट्रेचर एकावर एक टांगलेली, २४ पर्यंत बसतात, ज्याला सारखं बघावं लागणार तो मधल्या मजल्यावर, कमरेच्या उंचीला, हात पोचेल असा. लेहहून विमानं सकाळीच निघायची, दुपारी वारा सुटतो आणि हवा तापून आणखी विरळ होते, त्यामुळे सगळी घाई पहाटेची. "आणि सियाचीनचा हापोचा पेशंट असेल," ती म्हणाली, "फुफ्फुसात पाणी झालेला, तर सगळ्यात मोठं औषध म्हणजे त्याला खाली आणणं. आपण फक्त खाली येईपर्यंत त्याला धरून ठेवायचं."

चार पुतळ्यापाशी पोचलो तेव्हा दहा वाजून गेलेले. हार घातले, दोन मिनिटं सगळे शांत उभे, हलगी पण थांबली. मग सत्कार. शाल म्हणून सोलापुरी चादर, नारळ, पुष्पगुच्छ. माईकवरच्या माणसाने नाव पुकारलं आणि या वेळी नीट पुकारलं, लेफ्टनंट कर्नल, मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, निवृत्त. त्यांनी कोणाकडून तरी माहिती काढून आणली होती, की २८ मार्च १८८८ ला लष्करी हॉस्पिटलांसाठी पहिल्या दहा नर्स मुंबई बंदरात उतरल्या आणि १ ऑक्टोबर १९२६ ला इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस झाली. ऐकताना मला वाटलं, इतकी जुनी सर्व्हिस आहे आणि आपल्या गल्लीत हिला तीस वर्षं "दिल्लीत कुठल्यातरी हॉस्पिटलात असते ती" असंच म्हणत होते. माझे वडील पण पाहुण्यांना असंच सांगायचे. ते आज असते तर पहिल्या रांगेत बसले असते.

आत्याला बोलायला सांगितलं तर तीन वाक्यं बोलली. पहिलं, आभार. दुसरं, जीपमधल्या दोन माऊलींचा सत्कार माझ्या आधी व्हायला हवा होता. तिसरं, नर्सिंगच्या मुलींनी फॉर्म भरा, मी घरीच असते, तयारी करून घेते. आणि बसली.

संध्याकाळी तिच्या फ्लॅटची बेल वाजली. तो यादीवाला पोरगा, आईला घेऊन आलेला, हातात शेंगाच्या चटणीचा डबा आणि कडक भाकऱ्या. यादी नव्याने टाइप करून आणली होती, म्हणाला पुढच्या वर्षीसाठी आत्ताच बरोबर करून ठेवली, एकदा बघून घ्या. आत्याने चष्मा लावून वाचली, एक वेलांटी दुरुस्त केली.

तिसरा दिवस, १३ जानेवारी

भोगी. सकाळी बाजरीची तीळ लावलेली भाकरी, वांगी-घेवडा-पावटा-गाजर-हरभऱ्याची मिक्स भाजी, लोण्याचा गोळा. तिकडे गावात नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या त्या उंच मानाच्या काठ्या, निघालेले, ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाला, पण आम्ही त्या गर्दीत गेलो नाही, उद्यासाठी ताकद ठेवायची होती.

अकराच्या सुमारास भैय्या चौकात डॉ. कोटणीसांच्या स्मारकात गेलो. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १९१०, सोलापूरचे, १९३८ साली पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकातून चीनमध्ये गेले, युद्धातल्या जखमींवर रात्रंदिवस ऑपरेशनं केली आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच गेले, वय ३२. शाळेत असताना मी नुसतं नाव पाठ केलेलं. या वेळी आत्या त्यांच्या पत्नीच्या फोटोपाशी थांबली. क्वो छिंगलान. "ही नर्स," लेकीला म्हणाली, "तिकडच्या हॉस्पिटलात नर्सिंग शिकवायची. लोक डॉक्टरांचं नाव घेतात, घ्यायलाच पाहिजे, पण रात्री पेशंटजवळ कोण बसलं ते पण विचारावं."

तिथेच बाहेर कट्ट्यावर बसलो आणि लेकीने तो प्रश्न विचारला जो मी एवढ्या वर्षांत कधी विचारला नव्हता. आज्जी, विमानात तू वाचवलेलं कोणी नंतर भेटलं का गं?

आत्या म्हणाली, नाही. आमचं काम असं, की चंदीगढला विमान उतरलं, मागचं दार उघडलं, ॲम्ब्युलन्स लागलेल्या, प्रत्येक स्ट्रेचरबरोबर कागद द्यायचे, कोणाला किती वाजता काय दिलं ते तोंडी सांगायचं, सह्या, संपलं. विमान परत जाणार. त्या माणसाचं पुढे काय झालं ते आपल्याला कधीच कळत नाही. भूजच्या भूकंपाच्या वेळी, २००१ ला, पण तसंच, जखमी पुण्याला पोचवायचे आणि परत फिरायचं. चांगलं झालं असेल असं धरून चालायचं.

मग थोडं थांबून तिने १९९९ चं सांगितलं. कारगिलचा जुलै. लेहहून चंदीगढ, मधल्या मजल्यावरचा एक पोरगा, बावीस-तेवीसचा, सुरुंगावर पाय पडलेला, डावा. ग्लानीत कानडी-मराठी मिसळून बडबडत होता, ते ऐकून ही वाकून त्याच्या कानाशी म्हणाली, कुठला रे? अक्कलकोटकडचा निघाला. ही म्हणाली मी सोलापूरची. तर त्याने हिचं मनगट धरलं, हिने त्याची नाडी धरलेली आणि त्याने हिचं मनगट, आणि विचारायला लागला, बाई पाय राहील का, गड्ड्याला यायचंय, नंदीध्वजाची काठी धरायची आहे, अनवाणी चालायचं असतंय ओ. सव्वा तास तेवढं एकच. "मी त्याला राहील म्हटलं नाही," आत्या म्हणाली. "खोटं बोलायचं नसतं. मी म्हटलं काठी दोन हातांनी धरतात, हात शाबूत आहेत तुझे."

नाव काय होतं त्याचं, लेकीने विचारलं.

"कार्डावर होतं, वाचलं पण होतं मी. आता नाही आठवत. पाय आठवतो."

परत येताना कोणीच फार बोललं नाही. रात्री तिळाच्या वड्या थापल्या.

चौथा दिवस, १४ जानेवारी

अक्षता. ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगते, सोलापूर त्या दिवशी पांढरं होतं. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो, त्याच्या या अक्षता, आणि लाखो माणसं लग्नाला येतात. पुरुष पांढऱ्या बाराबंदीत, बारा बंदांनी बांधलेला तो अंगरखा, सात नंदीध्वज एकामागोमाग, काठी कमरेच्या पट्ट्यात तोलून धरलेली, एक दमला की दुसरा लगेच खाली शिरतो, काठी जमिनीला टेकत नाही. आम्ही सकाळपासूनच जागा धरून होतो, अक्षता जिथे होतात त्या संमती कट्ट्यापासून लांब पण एका घराच्या पायरीवर, ओळखीच्या लोकांनी आत्यासाठी खुर्ची टाकलेली. ती बसली नाही, खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. ब्लेझर नव्हता आज, इरकलच होती, तीच.

दुपारी नंदीध्वज आमच्या समोरून गेले. हलग्या, संबळ, "हर्र बोला हर्र" चा गजर, कानाशी लागून बोललं तरी ऐकू येईना. सगळे वर बघत होते, काठीच्या टोकाकडे, घुंगरांकडे, बाशिंगाकडे. मी पण. मग माझं लक्ष आत्याकडे गेलं तर ती खाली बघत होती.

पाय. रांगेमागून रांग अनवाणी पाय, धुळीने भरलेले, टाचा फुटलेल्या, एखाद्याच्या पायाला हळदीचं पाणी लागलेलं. ती प्रत्येक रांगेच्या डाव्या पायावरून नजर फिरवत होती, वॉर्डात राऊंड घेताना बेडवरून बेडवर जाते तशी, घाई नाही, कोणी सुटत नाही. मी हिशोब केला, तो पोरगा आता पन्नाशीला आला असेल.

संमती कट्ट्यावर वाचन सुरू झालं, स्पीकरवरून आवाज आला, "दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम", आणि हवेत तांदूळच तांदूळ, आमच्या केसांत, तिच्या पदरात, खुर्चीवर. तेवढा वेळ तिने हात जोडले. मग परत खाली.

नंदीध्वज पुढे गेले, मागची गर्दी पांगायला लागली, लेक म्हणाली, आज्जी चल ना, पाय दुखतील तुझे.

"थांब गं," आत्या म्हणाली, "मागून काठी घेऊन चालणारे सावकाश येतात."

लेक तिच्याशेजारी पायरीवर बसली आणि ती पण खाली बघायला लागली.